बंदराची मुळे डोंगरात

श्रोतेहो, बंदर म्हटले म्हणजे धक्का, डोलकाठ्या, माल उचलणाऱ्या याऱ्या आणि क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. शाळेच्या नकाशातही बंदर म्हणजे किनाऱ्यावरचा एक ठिपका असतो. त्या ठिपक्यामागे असलेला डोंगर, त्यावरचे रान, रानातून उतरणारी नदी आणि तिच्या काठची वस्ती यांचा बंदराच्या आयुष्याशी काही संबंध आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः झाडाचा विस्तार वर दिसतो आणि मुळे जमिनीत असतात, तसाच प्रकार बंदराचाही आहे. त्याचा पसारा पाण्यावर दिसतो, पण त्याची मुळे डोंगरात असतात.

जहाजांच्या धुराने हवा बिघडते, तेलाने समुद्र बिघडतो, बंदरे बांधताना खाड्या आणि कांदळवने बुजतात, म्हणून जहाजे आणि बंदरे निसर्गाला न दुखविता कशी चालवावीत, याचा विचार आज साऱ्या जगात चालू आहे. हा विचार अगदी नवा असून तो पश्चिमेकडून आपल्याकडे आला आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु तीनशे वर्षांपूर्वी तो आपल्याच भाषेत आणि आपल्याच किनाऱ्यासंबंधाने मांडला गेला होता. तो काय होता, पुढे तो कसा विसरला गेला आणि आज त्याचा काय उपयोग आहे, एवढेच आजच्या भाषणात सांगावयाचे आहे.

प्रथम कोकणच्या जुन्या बंदरांकडे पाहू. सम्राट अशोकाचे शिलालेख जेथे सापडले, ते सोपारा एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. कल्याणचे नाव ग्रीक दर्यावर्द्यांना ठाऊक होते. चौलला अरबस्तान आणि इराणकडची तारवे येत. दाभोळहून मक्केचे यात्रेकरू निघत. राजापुरास सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. आज सोपाऱ्यास जहाज लागत नाही. कल्याणच्या खाडीत पूर्वीची खोली राहिली नाही. चौलचे वैभव पडक्या तटबंदीत पाहावे लागते. राजापूरच्या शहरापर्यंत मोठे तारू येऊ शकत नाही. ही बंदरे बसण्याची कारणे अनेक आहेत. पोर्तुगीजांनी समुद्रावर दहशत बसविली, राज्ये बदलली, मुंबईने सारा व्यापार आपल्याकडे ओढून घेतला, हे सर्व खरे आहे. तथापि एक कारण या सर्वांच्या खालून सावकाश काम करीत होते. ते कारण म्हणजे गाळ.

सह्याद्री किनाऱ्यापासून फार दूर नाही. त्याच्या माथ्यावर चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो आणि ते सारे पाणी पन्नास-साठ मैलांच्या आत समुद्रास मिळते. डोंगरावर दाट रान असले, म्हणजे पावसाचा मारा आधी पानांवर बसतो. पाणी पाचोळ्यात मुरते, मुळे माती धरून ठेवतात आणि नदी पावसाळ्यानंतरही वाहती राहते. रान गेले की पाण्याबरोबर मातीही निघते. भरतीचे पाणी नदीला जेथे अडविते, तेथे ती माती खाली बसते. थोडाफार गाळ निसर्गतःच येतो, त्याला इलाज नाही. परंतु उघड्या डोंगराचा गाळ आणि रानातून आलेला गाळ यांत फार अंतर आहे. बंदराच्या तोंडाशी शत्रूची तोफ दिसते, पण डोंगरावरची कुऱ्हाड दिसत नाही. बंदराला मात्र दोन्ही सारखीच घातक.

आता जहाजाकडे वळू. जहाज लाकडाचे होते तोवर ते प्रत्यक्ष अरण्यातूनच जन्मास येत असे. तळाच्या कण्यासाठी लांब आणि सरळ सोट, बरगड्यांसाठी निसर्गतःच वाकलेली लाकडे, बाजूंसाठी फळ्या, आणि डोलकाठीसाठी उंच, एकसंध खोड लागे. असे लाकूड दहावीस वर्षांत तयार होत नाही. शिवछत्रपतींनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे लवकरच आरमाराच्या उभारणीस हात घातला, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढे आपोआपच उभा राहिला. आरमार तर पाहिजे. आरमाराला लाकूड पाहिजे. लाकूड राज्यातलेच, आणि राज्य तर रयतेसाठी. मग तोडावे कोठे, किती आणि कोणाच्या परवानगीने?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मिळते. हा ग्रंथ सुमारे १७१५ मधला. रामचंद्रपंत शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांपैकी एक, आणि पुढे राजाराममहाराजांच्या काळात राज्य सावरून धरणारे पुरुष. त्यांनी आपल्या उतारवयात कोल्हापूरच्या संभाजीमहाराजांच्या उपयोगासाठी थोरल्या महाराजांच्या राजनीतीचे सार लिहून ठेवले. त्यातला झाडांविषयीचा मजकूर पुष्कळदा शिवाजीमहाराजांचे स्वतःचे पत्र म्हणून सांगितला जातो. शब्द अमात्यांचे आहेत, धोरण थोरल्या महाराजांच्या राज्याचे आहे, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण वाचू लागलो, म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. अमात्यांनी झाडांविषयीचे विवेचन अरण्याच्या किंवा धर्माच्या प्रकरणात केलेले नाही. ते त्यांनी आरमाराच्या प्रकरणातच, तोफा, सरदार, पगार आणि पावसाळी छावणी यांच्या जोडीला केले आहे. म्हणजे झाडे राखणे हे त्यांच्या दृष्टीने दयेचे काम नसून आरमारी कारभाराचाच एक भाग होते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आरमारासाठी मोठे लाकूड लागतेच. आपल्या राज्यातील अरण्यात सागवानादी वृक्ष आहेत, त्यांतले अनुकूल असेल ते हुजुरास लिहून, हुजूरच्या परवानगीने तोडावे. त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस यांचे लाकूडही आरमाराच्या उपयोगी पडते, परंतु त्यांना हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखास पारावार राहणार नाही. एकाला दुःख देऊन साधलेले कार्य करणाऱ्यासह थोडक्याच काळात नाहीसे होते आणि धन्याच्या पदरी मात्र प्रजापीडनाचा दोष येतो. एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती मुळीच करू नये.

या उपदेशात तीन निराळे नियम आहेत. पहिला नियम मोजमापाचा. जे घ्यावयाचे ते वरिष्ठांस कळवून, लेखी नोंद करून आणि परवानगीने घ्यावे, म्हणजे किती घेतले आणि किती उरले हे कोणाला तरी ठाऊक राहते. दुसरा नियम मोबदल्याचा. अधिक लागेल ते विकत आणावे, म्हणजे आरमाराचा खर्च आरमाराच्याच हिशेबात पडतो, गावच्या राईच्या माथी पडत नाही. तिसरा नियम संमतीचा. ज्याचे झाड त्याचा होकार असल्याशिवाय कुऱ्हाड लावावयाची नाही. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे असे मानणाऱ्या प्रधानाने त्याच आरमाराला रयतेच्या आंब्यापुढे थांबावयास लावावे, ही साधी गोष्ट नाही.

याच प्रकरणात आणखी एक बारीक व्यवस्था आहे. पावसाळ्यात आरमार बंदरात आणून ठेवावे लागे. ते दरसाल एकाच बंदरी ठेवू नये, आळीपाळीने निरनिराळ्या बंदरी ठेवावे, असे अमात्य सांगतात. कारण आरमारावरचे लोक म्हणजे दांडगाईचे, त्यांचा उपद्रव एकाच गावाला वर्षानुवर्षे सोसावा लागू नये. बंदराच्या वस्तीवर पडणारा भार हाही राज्यकर्त्याच्या विचाराचा विषय आहे, ही जाणीव येथे स्पष्ट दिसते.

हे नियम प्रत्येक ठिकाणी आणि प्रत्येक काळी तंतोतंत पाळले गेले, असा दावा कोणी करणार नाही. नियम लिहून ठेवावा लागतो, याचाच अर्थ तो मोडणारे असतात. तरीही आंग्र्यांच्या काळात मराठ्यांचे आरमार भरभराटीस आले. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडक खोदून केलेल्या गोदीचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. पुढे पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचे वैर विकोपास गेले. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला आणि बंदरात जवळजवळ बांधून ठेवलेली आंग्र्यांची जहाजे एका दिवसात जळून गेली. जे सागवान वाढावयास साठ-सत्तर वर्षे लागली असतील, ते सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतही टिकले नाही. कोकणच्या जहाजबांधणीचा कणा तेथे मोडला.

यानंतर पश्चिम किनाऱ्यावरची मोठी जहाजबांधणी मुंबईत एकवटली. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे जहाजबांधणीत नाव मिळविले. या घराण्याने बांधलेली 'मिंडेन' ही युद्धनौका १८१० मध्ये पाण्यात उतरली. त्यांचीच 'कॉर्नवॉलिस' १८१३ मधली. चीन आणि इंग्लंड यांच्यातला नानकिंगचा तह १८४२ मध्ये हिच्यावरच झाला. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजून पाण्यावर तरंगत आहे. दोनशे वर्षांनंतरही तिचे लाकूड टिकून राहिले, हे जेवढे वाडियांच्या हाताचे कसब, तेवढेच मलबारच्या सागवानाचेही. इंग्लंडच्या ओक लाकडात आम्ल असते, ते लोखंडी खिळे खाते. सागवानात तेल असते, त्यात लोखंडही टिकते आणि लाकूडही. म्हणून ओकची राने संपत आली, तेव्हा इंग्लंडच्या आरमार खात्याची नजर सह्याद्रीच्या दक्षिण भागाकडे वळली.

या वेळी सरकारने जे केले त्याची तुलना आज्ञापत्राशी करून पाहण्यासारखी आहे. १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलीस अधिकाऱ्यास मलबारचा पहिला वनसंरक्षक नेमले. संरक्षक हे नाव फसवे आहे. त्यांचे मुख्य काम गोदीला सागवान पुरविणे. त्यांनी अरण्यातील सागवानावर सरकारचा मक्ता बसविला आणि खाजगी मालकीच्या झाडांवरही तो लागू केला. व्यापारी बुडाले, जमीनमालक संतापले आणि गावच्या लोकांना स्वतःच्या गरजेपुरते लाकूडही मिळेना. ज्या झाडावर आपला हक्क राहिला नाही ते झाड राखण्याची गरज कोणास वाटणार? अखेर मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांच्या आग्रहाने १८२३ मध्ये ही जागाच रद्द करण्यात आली. मक्ता गेला, परंतु त्याच्या जागी शिस्तही आली नाही. तोड पुढे चालूच राहिली. आज्ञापत्रातल्या तीन नियमांपैकी संमतीचा नियम प्रथम मोडला गेला, आणि तो मोडल्यामुळे मोजमापाचा नियमही टिकला नाही. इतिहासातला हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

पुढे १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी निलंबूर येथे सागवानाची लागवड सुरू केली. सागाचे बी कठीण कवचाचे असल्यामुळे पहिले प्रयत्न फसले. मग चातू मेनन नावाच्या देशी अधिकाऱ्याने बी रुजविण्याची युक्ती साधली आणि नदीकाठी हजारो रोपे उभी राहिली. जहाजांसाठी सागवानाची पद्धतशीर लागवड म्हणतात ती ही. त्या लागवडीचा एक तुकडा आजही जतन केलेला आहे. परंतु येथे काळाने मोठी थट्टा केली. १८६० मध्ये इंग्लंडने 'वॉरियर' ही लोखंडी युद्धनौका पाण्यात सोडली आणि लाकडी युद्धनौकांचा काळ सरला. निलंबूरचे साग गोदीच्या कामास येण्याइतके वाढले, तेव्हा गोदीला त्यांची गरजच उरली नव्हती. तोडणाऱ्याची घाई आणि लावणाऱ्याचा उशीर यांची गाठ कधी पडत नाही ती अशी.

आपल्या मुंबई इलाख्यातही याच सुमारास एक जाणता मनुष्य होता. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पेशाने शल्यवैद्य, पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख. १८४७ मध्ये ते इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोकणातील डोंगर उघडे पडत चालल्याने झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी सरकारच्या नजरेस आणले. बंदराची मुळे डोंगरात असतात हे विधान माझे नाही, त्याचे मर्म या वनस्पतिशास्त्रज्ञाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओळखले होते. त्यांच्या काळी लाकूडतोडीच्या मागे मुंबईची भूक होती. चुलीला सरपण, इमारतीला वासे, आणि पुढे रेल्वेला रुळांखालचे स्लीपर. जहाजाने रान खाणे कमी केले, पण तेवढ्यात ते खाणारे दुसरे पुष्कळ निर्माण झाले.

जहाज लाकडाचे राहिले नाही, तेव्हा त्याचे अरण्याशी असलेले नाते तुटले. परंतु निसर्गाशी असलेले नाते तुटले नाही, ते निराळे झाले. शिडाचे जहाज वाऱ्यावर चाले, आणि वाऱ्याचा हिशेब कोणाला द्यावा लागत नसे. १८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' ही मुंबईत बांधलेली आगबोट मुंबईहून सुवेझला गेली. एडनपर्यंत पुरेल इतका कोळसा तिच्या कोठारात मावत नव्हता, म्हणून मिळेल त्या जागी कोळसा भरून ती पाण्यात जवळजवळ बुडेल अशा बेताने निघाली, आणि वाटेत कोळसा घेण्यातच तिचे कित्येक दिवस गेले. येथपासून जहाज म्हणजे जळणाची तरंगती भट्टी झाली. बॉयलरच्या तोंडाशी उभे राहून कोळसा झोकणाऱ्या माणसाला खलाशी लोक आगवाला म्हणत. त्या नावातच त्या कामाची होरपळ आहे. कोळशामागून तेल आले. तेही साधे नव्हे. पेट्रोल, डिझेल वगैरे काढून घेतल्यावर उरणारा जो दाट, काळा, गंधकयुक्त अवशेष, तो जहाजांच्या वाट्यास आला, कारण तो स्वस्त होता.

अशा रीतीने समुद्र म्हणजे विनामूल्य मोरी ठरली. टाक्या धुतल्या, पाणी समुद्रात. इंजिनखालचे तेलकट पाणी साचले, समुद्रात. धूर आकाशात. १८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि एक लाख टनांहून अधिक कच्चे तेल समुद्रात गेले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. १९७३ मध्ये लंडनला जहाजांच्या प्रदूषणासंबंधी करार झाला, १९७८ मध्ये त्याला जोड मिळाली आणि १९८३ पासून तो अमलात आला. 'मारपोल' या नावाने तो ओळखला जातो. तेलकट पाणी कोठे व किती सोडावयाचे, कचरा कोठे द्यावयाचा, याची प्रत्येक जहाजावर नोंदवही ठेवावी लागते. हुजुरास लिहून परवानगीने घ्यावे, हा जो पहिला नियम, तो येथे निराळ्या वेषात परत आला असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतर एकेक बाजू ध्यानात येत गेली. रिकामे जहाज समतोल राहावे म्हणून एका बंदरात पाणी भरून घेते आणि दुसऱ्या बंदरात ते ओतते. त्या पाण्याबरोबर परमुलखातील जीव येतात. अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत १९८० च्या दशकात असाच एक पट्टेरी शिंपला आला आणि त्याने नळांची तोंडे बुजवून टाकली. हे पाणी निर्जंतुक करूनच सोडावे, असा करार २००४ मध्ये होऊन २०१७ पासून लागू झाला. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणण्यात आले. येथे एक पळवाटही राहिली. पुष्कळ जहाजांनी स्वच्छ तेल घेण्याऐवजी धूर समुद्राच्या पाण्याने धुण्याची यंत्रे बसविली, आणि त्यांतली बहुतेक ते धुतलेले पाणी पुन्हा समुद्रातच सोडतात. आकाशाचा हिशेब भागला, समुद्राचा तसाच राहिला. खर्च एका वहीतून दुसऱ्या वहीत नेणे म्हणजे फेड नव्हे.

आपल्या दारातलाही एक प्रसंग सांगितला पाहिजे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलली, शेकडो टन तेल पाण्यात गेले आणि सुमारे तीनशे कंटेनर समुद्रात पडले. उरण, घारापुरी, अलिबाग या बाजूंची कांदळवने काळी पडली. बंदरे काही दिवस बंद राहिली हे वर्तमानपत्रांत ठळक छापले गेले. परंतु श्रावणाच्या तोंडावर जाळी दुरुस्त करून, बोटी रंगवून समुद्रात जावयास निघालेल्या कोळ्यांच्या मासळीला गिऱ्हाईक मिळेना, हा तोटा कोणत्या वहीत लिहावयाचा? ते कांदळवन म्हणजे मासळीचे पाळणाघर. त्याच्या मुळ्यांत गाळ अडतो आणि त्याच मुळ्यांत माशांची पिल्ले वाढतात. कोकणच्या किनाऱ्यावर आंबा-फणसाच्या जोडीला तिसरे झाड लिहावयाचे झाले, तर ते कांदळ लिहावे लागेल.

जहाजे नकोत असे म्हणणे मात्र अविचाराचे होईल. जगाच्या व्यापारातील मालापैकी वजनाने ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गेच जातो, आणि एक टन माल एक मैल नेण्यास मोटारट्रकपेक्षा जहाजाला फारच थोडे इंधन लागते. तरीही सर्व जहाजे मिळून जगाच्या एकूण कर्बवायूपैकी सुमारे तीन टक्के वायू सोडतात. २०५० च्या सुमारास तो भार शून्यावर आणावा, असे ध्येय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरविले. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारनेही 'हरित सागर' या नावाने बंदरांसाठी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. उपाय अगदीच अज्ञात नाहीत. जहाजाचा वेग एक दशांशाने कमी केला तर ताशी लागणारे इंधन सुमारे चतुर्थांशाने वाचते. धक्क्याला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज दिली तर त्याचे इंजिन बंद ठेवता येते आणि बंदराशेजारच्या वस्तीला धूर सोसावा लागत नाही. वाऱ्याचा उपयोग करणारी नव्या तऱ्हेची शिडेही काही मालवाहू जहाजांवर पुन्हा चढू लागली आहेत.

जहाजाच्या मरणाचाही विचार आता होऊ लागला आहे. गुजरातेत भावनगरजवळ अलंग येथे १९८३ पासून जुनी जहाजे भरतीबरोबर किनाऱ्यावर चढवून तोडली जातात. आपल्या मुंबईच्या दारूखान्यातही हा धंदा जुना आहे. लोखंड पुन्हा वापरात येते हे चांगलेच. परंतु त्या जहाजांतले ॲस्बेस्टॉस, तेल आणि विषारी रंग यांचा भार तोडणाऱ्या मजुराच्या छातीवर आणि त्या किनाऱ्यावर पडत आला. २००६ मध्ये 'क्लेमांसो' हे फ्रेंच युद्धजहाज याच कारणावरून अर्ध्या वाटेतून परत बोलाविण्यात आले. जहाजतोडणीसंबंधीचा हाँगकाँगचा करार २००९ मध्ये झाला आणि २६ जून २०२५ रोजी अमलात आला. दुसरा नियम, म्हणजे ज्याचा खर्च त्याच्या हिशेबी, तो येथे हळूहळू रुजतो आहे.

परंतु तिसऱ्या नियमाचे काय? संमतीचा नियम आजही सर्वांत दुबळा आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे नवे मोठे बंदर होत आहे. तेथे समुद्र निसर्गतःच सुमारे वीस मीटर खोल असल्याने मोठ्यात मोठी जहाजे लागू शकतील, देशाचा व्यापार वाढेल, हे त्याच्या बाजूचे म्हणणे आहे आणि ते पोकळ नाही. डहाणूच्या पर्यावरणासाठी नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये तेथे बंदर नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये अटी घालून मान्यता दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. चौदाशे हेक्टरांहून अधिक समुद्र भरून काढावयाचा आहे. तेथल्या मांगेला, कोळी आणि इतर मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षे चालू आहे. तो किनारा पापलेटचा, घोळ-दाढ्याचा. याच पापलेटला २०२३ मध्ये आपल्या राज्याचा राज्यमासा म्हणून मान मिळाला.

या वादात निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, मच्छीमाराचा समुद्र हा सातबाऱ्यावर नसतो, म्हणून तो कोणाचाच नाही असे होत नाही. आंब्याला धनी होता, तो दाखविता येत असे. माशांच्या विणीच्या जागेचा धनी पिढ्यान्‌पिढ्या तेथे जाळे टाकणारा मनुष्य असतो. त्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे, हा नियम त्यालाही लागू व्हावयास पाहिजे. नुकसानभरपाई आणि संमती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अमात्यांनी ओळखले होते. त्यांनी मोल देण्याबरोबर राजी करण्याची अटही घातली होती.

आणि डोंगर? २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. ज्या नदीच्या तोंडाशी एके काळचे दाभोळ बंदर आहे, तीच ही वाशिष्ठी. पुरानंतर नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणचे नागरिक उपोषणास बसले. गाळ उपसणे अवश्यच होते. परंतु डोंगर उघडे राहतील तोवर उपसलेला गाळ पुन्हा येणार, हेही तितकेच खरे. पूर्वी गाळाने बंदर मरत असे, आता गावच संकटात येते. बंदरावर कोट्यवधी रुपये खर्च करताना त्यातला काही भाग त्या बंदरास मिळणाऱ्या नद्यांच्या उगमाशी, रान वाढविण्यात खर्च झाला, तर तो बंदराचाच खर्च समजावा. तो कोणावर केलेला उपकार नव्हे.

श्रोतेहो, मोजून घ्यावे, आपला खर्च आपण सोसावा, आणि ज्याचे आहे त्याची राजीखुशी असल्याशिवाय हात लावू नये, हे तीन नियम लाकडी गुराबांसाठी लिहिले गेले. गुराबा गेल्या, कोळसा गेला, उद्या कदाचित तेलही जाईल. नव्या जहाजांना कोणते इंधन लागेल ते तज्ज्ञ ठरवितील. परंतु ते इंधन कोणाच्या रानातून, कोणाच्या पाण्यातून आणि कोणाच्या संमतीने आले, हा प्रश्न तेव्हाही विचारावाच लागेल. आज्ञापत्रकारांनी तो आरमाराच्या प्रकरणात विचारला. आपणही तो बंदराच्या कागदपत्रांत, पहिल्याच पानावर विचारावा, म्हणजे सोपारा आणि राजापूर यांच्या यादीत पुढच्या पिढीला आणखी नावे घालावी लागणार नाहीत.